न्याहारीची हाक

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरातून माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि मीही गेलो ते गणित बरं होतं म्हणून, भाषा बरी होती म्हणून नाही. हॉस्टेलच्या वार्षिक अंकासाठी सरांनी विचारलं, 'घर सोडून आलास, त्याबद्दल काही लिहिशील का?' मी हो म्हणून बसलो आणि मग घाबरलो. कारण माझ्याकडे सांगायला मोठं असं काही नाही. एक शब्द आहे. तोही खाण्याचा, आणि खाण्यातही जेवणाचा नाही, मधल्या हलक्या खाण्याचा. न्याहारी. आमच्याकडे, शिरपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी, त्याला न्यारी म्हणतात. गावात राहिलेले हे वाचतील तर म्हणतील, यात सांगण्यासारखं काय शे? माझ्यासारखे निघून आलेले मात्र कदाचित असं म्हणणार नाहीत.

मी निघालो त्या सकाळी मायने कळण्याच्या भाकरी केल्या होत्या. ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची ती काळपट, जाड भाकर. सोबत ठेचा आणि दोन कांदे. सगळं धुतलेल्या फडक्यात बांधून तिने माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "एकटा खाऊ नको." बाकी काही नाही. अभ्यास कर, जपून राहा, फोन कर, हे सगळं आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आदल्या दिवशीच सांगून टाकलं होतं.

शिरपूरच्या स्टँडपर्यंत सोडायला आबा जीपमध्ये माझ्या शेजारी बसले. रस्ता आमच्या शेताजवळून जातो. तेव्हा न्याहारीचीच वेळ झाली होती. बांधापलीकडच्या कपाशीत नाना वाकून निंदत होते. नाना म्हणजे आबांचे थोरले भाऊ. जीप जवळ आली तसे ते कमरेवर हात ठेवून सरळ उभे राहिले. मला वाटलं, पुतण्या चाललाय म्हणून पाहतायत. पण त्यांची नजर जीपकडे नव्हती. ते आमच्या रिकाम्या शेताकडे पाहत होते. आबांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा उन्हाकडे पाहिलं. जीप पुढे गेली. त्या पाहण्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

तो कळायला न्याहारीची रीत सांगावी लागेल.

आमच्याकडे पहाटे चहा पिऊन माणूस शेतात जातो आणि ऊन जरा वर आलं की न्याहारी येते. म्हणायला ती हलकी, पण दोन भाकरी तरी असतातच. फडकं सोडायचं, कांदा बुक्कीने फोडायचा, आणि पहिला घास घेण्याआधी उभं राहून आजूबाजूला पाहायचं. जो कोणी दिसेल त्याला हाक मारायची, "या, न्यारी कराले!" शेजारच्या शेतातला, रस्त्याने जाणारा, मेंढ्या घेऊन चाललेला, लाकूडफाट्याची मोळी घेऊन डोंगरातून उतरणारी बाई. ओळख लागत नाही. समोरच्यानेही उत्तर द्यायचं असतं. बहुतेक लोक लांबूनच हात वर करून "करा, करा" म्हणतात आणि पुढे जातात. जवळचा असला तर येतो, बसतो, भाकरीचा एक तुकडा मोडतो, ठेच्याला लावून तोंडात टाकतो आणि उठतो. पोट भरायला कोणी येत नाही. तुकडा मोडला की झालं. आणि ज्याचं वैर असेल तो काहीच बोलत नाही. हाक ऐकून गप्प राहणं याच्यापेक्षा मोठी शिवी आमच्या शिवारात नाही.

नाना आणि आबांची वाटणी झाली तेव्हा बांधावर एक कडूनिंब होता. आजोबांनी लावलेला. त्याच्या सावलीत दोघं भाऊ न्याहारी करायचे. कधी आमची भाकर, कधी त्यांची. माझं लहानपणही त्याच सावलीत गेलं. पण सावलीत कपाशी वाढत नाही, आणि सकाळभर ती सावली नानांच्या चार ओळींवर पडायची. एके दिवशी आबा शिरपूरच्या बाजाराला गेले असताना नानांनी माणसं लावून झाड तोडलं. आबा परत आले तेव्हा फांद्या बैलगाडीत भरणं चाललं होतं. सगळ्यांसमोर आबा म्हणाले, "नाना, तू झाड नही तोडं. तू बापनी सावली तोडी."

थोरल्या भावाला त्यांनी तू म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

नानांचा चेहरा काळा पडला. ते म्हणाले, "आजपासून तुन्हा घरना तुकडा मन्हा तोंडमा जावाव नही." आणि बैलांना हाकललं.

दुसऱ्या दिवशी माय न्याहारी घेऊन शेतात आली. मीही होतो. सावली उरली नव्हती, तरी आबा त्याच जागी, उन्हात, डोक्यावर रुमाल टाकून बसले. फडकं सोडलं. मग उठले, बांधापलीकडे वळले आणि रोजच्यासारखी हाक मारली, "नाना, या न्यारी कराले!"

नाना वीस पावलांवर होते. त्यांनी पाठ फिरवली.

मायला फार लागलं ते. म्हणाली, "आते कशाले हाक मारतस? काल काय बोलना तो, ऐकं नही का?"

आबा भाकर मोडत म्हणाले, "दिखस ना तो माले? दिखस त्याले हाक मारनी पडस."

हे त्या दिवशीचं. मग तो उन्हाळा गेला, पुढचे हंगाम आले, मी दहावी झालो, बारावी झालो. आबा रोज हाक मारत राहिले. नाना रोज गप्प राहिले. गावातले लोक आबांना हसायचे. पारावरचा एक जण तर म्हणायचा, "सुका, तुन्हा नानाले ऐकू येत नही, मशीन लई दे त्याले!" सुका म्हणजे आबा, सुकलाल. आबा त्याच्यासोबत हसायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक मारायचे. मला तेव्हा लाज वाटायची. वाटायचं, आपला बाप किती वाकतो. आता विचार करतो तेव्हा अंगावर काटा येतो. आवाज कधी चढला नाही, कधी पडला नाही. त्यात राग नव्हता आणि विनवणीही नव्हती. जशी सकाळ होते तशी ती हाक व्हायची.

हे सगळं घेऊन मी पुण्याच्या बसमध्ये बसलो होतो. धुळं येण्याआधी फडकं सोडलं आणि सवयीने शेजाऱ्याला, मागच्याला, पुढच्या सीटवरच्या आजींना म्हटलं, "या, न्यारी कराले." शेजारी म्हणाला, "करा, करा." मागून आवाज आला, "होऊ द्या भाऊ." आजींनी मागे वळून एक तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत चघळत म्हणाल्या, "मिरची तुमना कडनीच!" मला वाटलं, जग असंच असणार, फक्त मोठं.

मालेगाव मागे पडल्यावर शेजारी नवा मुलगा येऊन बसला. संध्याकाळी उरलेली भाकर काढली आणि त्यालाही म्हटलं. त्याने कानातली वायर काढली, माझ्याकडे, मग भाकरीकडे पाहिलं आणि म्हणाला, "नाही, थँक यू, मला भूक नाहीये." मी गोंधळलो. भुकेबद्दल मी विचारलंच नव्हतं.

हॉस्टेलच्या मेसबाहेर पाटी आहे, 'सकाळचा नाश्ता'. पहिल्या सकाळी पोह्यांची प्लेट घेऊन टेबलावर बसलो आणि समोरच्या चौघांना म्हटलं, "या, नाश्ता करा." चौघांनी आपापल्या प्लेटकडे पाहिलं. तन्मय, जो पुढे माझा रूममेट झाला, म्हणाला, "अरे, आमच्याकडे पण सेम पोहेच आहेत. तुझ्यात शेंगदाणे जास्त आलेत का?" सगळे हसले. मीही हसलो. काय सांगणार होतो?

त्याहून मोठी फजिती झाली ती कॉलेजच्या पहिल्या समारंभात. पत्रिकेवर छापलं होतं, 'कार्यक्रमानंतर अल्पोपहार'. हा शब्द मी वाचला होता, खाल्ला नव्हता. सकाळपासून पोट रिकामं ठेवून गेलो. भाषणं संपली, टेबलं मांडली, समोसे आणि ढोकळा आला. मी भिंतीला टेकून उभा राहिलो आणि वाट पाहू लागलो. कशाची, ते मलाही नीट ठाऊक नव्हतं. कोणीतरी 'या' म्हणेल याची. आमच्याकडे बोलावल्याशिवाय ताटाला हात लावत नाहीत. लोक येत होते, घेत होते, बोलत होते, रिकाम्या प्लेटा ठेवत होते. कोणी वाईट वागलं नाही. फक्त तिथे हाक मारायची रीत नव्हती. टेबलं आवरली गेली तेव्हा एका मावशींनी विचारलं, "तू का नाही घेतलंस रे?" मी म्हटलं, "झालं माझं."

त्या दिवशी मायचा फोन आला. तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, दिवसाची कुठलीही वेळ असो. "न्यारी व्हयनी का?" मी म्हटलं, "व्हयनी." ती म्हणाली, "कोणासंगे?" मी काहीतरी नाव घेतलं.

पण तन्मय चांगला निघाला. माझी ती पहिल्या दिवसाची हाक त्याने चिडवायला उचलली. रोज मेसमध्ये मी दिसलो की हात जोडून ओरडायचा, "या महाराज, न्यारी कराले!" ते 'कराले' तो इतकं चुकीच्या ठिकाणी ओढायचा की मलाच हसू यायचं. हळूहळू टेबलावरचे बाकीचेही म्हणू लागले. मग कोणी उपमा घेऊन आला की एखादा मुद्दाम त्याच्या प्लेटमधला चमचाभर उचलायचा आणि म्हणायचा, "तुकडा मोडला." थट्टाच होती. पण आमच्या टेबलावरचे फोन सकाळी खिशात राहू लागले. मी कोणाला काही शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या सेमिस्टरच्या परीक्षेच्या तोंडावर अक्काचा फोन आला. अक्का माझी थोरली बहीण, तेव्हा माहेरी आली होती. म्हणाली, आबांच्या पोटात पहाटे एकदम दुखायला लागलं, अंधारातच जीप करून शिरपूरला आणि तिथून धुळ्याला नेलं, ऑपरेशन करावं लागलं. "आते बरं शे," ती म्हणाली, "तू येऊ नको. माय म्हणस परीक्षा दे."

मग तिने आणखी एक गोष्ट सांगितली. त्या दिवशी ऊन वर आल्यावर ती गुरं सोडायला शेतात गेली होती. नाना बांधावर उभे होते. इतक्या वर्षांत ते बांधापर्यंत आलेले नव्हते. त्यांनी तिला विचारलं, "आज हाक नही उनी. कोठे शे तो?"

अक्काने सांगितलं. नानांनी ऐकून घेतलं. विळा उचलला आणि परत गेले.

फोन ठेवल्यावर मला जीपमधली ती सकाळ आठवली. कमरेवर हात ठेवून उभे राहिलेले नाना, आणि आमचं रिकामं शेत. तेव्हाही ते हाकेचीच वाट पाहत होते. आबा एवढी वर्षं भिंतीशी बोलत होते असं सगळ्या गावाला वाटत होतं, मलाही वाटत होतं. आणि तो माणूस रोज त्या वेळी कान देऊन उभा असायचा! मी खाटेवर बसून राहिलो. एवढा लहान शब्द, आणि दोन माणसांनी दोन टोकांनी तो असा धरून ठेवलेला.

आबांचं ऑपरेशन नीट झालं, पण पुढे वेगळीच काळजी सुरू झाली. डॉक्टरांनी हलकं खायला द्या म्हणून सांगितलं. सकाळी दवाखान्यातली मऊ खिचडी यायची. आबा उठून बसायचे, वॉर्डात सगळीकडे पाहायचे. एकाला सलाईन, एक झोपलेला, एकाला खायला मनाई. ते दोन चमचे घ्यायचे आणि ताट बाजूला ठेवायचे.

"खाओ ना," माय म्हणायची.

"कोणाले हाक मारू? आठे खानारं कोणी दिखतच नही."

"माले मारा."

"तू तं घरनी शे."

माय हे फोनवर सांगताना आधी हसली, मग पुढचं सांगितलं. अंगात ताकद आल्याशिवाय सोडणार नाही असं डॉक्टर म्हणाले होते, आणि ते दिवसेंदिवस उतरत चालले होते. मी म्हटलं, आबांना दे. त्यांना म्हटलं, "आबा, माले हाक मारा. मी इथून जेवतो तुमच्यासंगे."

मायचा फोन बटणांचा. आबांनी तो कानाशी धरला. म्हणाले, "दिखस का तू माले?"

दूर जाण्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. आवाज पोहोचतो, पैसे पोहोचतात, फोटोही पोहोचतात. पण मी आबांच्या हाकेच्या टप्प्यात राहिलो नव्हतो.

दुसऱ्या सकाळी पेपर होता. मेसमध्ये प्लेट घेऊन बसलो आणि हात चालेना. तन्मयने पाहिलं. या वेळी तो ओरडला नाही, हातही जोडले नाहीत. आपली प्लेट माझ्या बाजूला सरकवली आणि हळू म्हणाला, "ये रे. न्याहारी कर." मी त्याच्या पराठ्याचा तुकडा मोडला. पेपर कसा गेला ते आठवत नाही, तो तुकडा आठवतो.

बाहेर आलो तर मायचे फोन येऊन गेले होते. लगेच लावला.

"नाना उना," ती म्हणाली.

पहिल्या एसटीने ते धुळ्याला आले होते. वॉर्डाच्या दारात पायताण काढून उभे राहिले. नर्स म्हणाली, काका, चपला घालून या, इथे चालतं. तरी अनवाणीच आत आले. खिचडी नुकतीच आली होती. आबा उशीला टेकून बसले होते. त्यांनी नानांना पाहिलं. नानांनी ताटाकडे पाहिलं. मायने पदर सावरला आणि ती खाटेमागे जाऊन उभी राहिली. वॉर्डात पंख्याचा तेवढा आवाज होता, असं ती म्हणाली.

मग आबा म्हणाले, "नाना, या न्यारी कराले."

आवाज बारीक होता, पण हाक तीच.

नाना खाटेच्या कडेला बसले. चमचा उचलला. थोडी खिचडी घेऊन तोंडात टाकली, सावकाश गिळली आणि म्हणाले, "हाई खिचडी दवाखानानी शे. तुन्हा घरनी नही. मन्ही आण मोडनी नही."

आबा हसले. टाके दुखले म्हणून पोट धरलं आणि तरी हसत राहिले. नाना चिडून म्हणाले, "हासू नको, खा! नुसता हाडना सापळा व्हयी गया." आबांनी ताट ओढलं आणि सगळी खिचडी संपवली. नाना शेजारी बसून राखण करत असल्यासारखे पाहत होते, एक शीतही खाली पडू देत नव्हते. चार दिवसांनी आबांना घरी सोडलं.

मी सुट्टीत गेलो नाही, जाता आलं नाही. फोनवर विचारत राहिलो. आबा पुन्हा शेतात जाऊ लागले होते, जड काम नाही, नुसती देखरेख. हाक मारतात का? मारतात. आणि नाना? "करा म्हणस," माय म्हणाली. लांबूनच, हात वर करून. तेवढंही मला पुष्कळ वाटलं. पण आण होती, आणि नाना दिलेला शब्द न पाळणारे नव्हेत. दवाखान्याची खिचडी एक गोष्ट, आमच्या घरची भाकर दुसरी. आणि आबांना तीच हवी होती. ते बोलत नव्हते, पण माय सांगायची की ते दोन भाकरी संपवून तिसरी फडक्यात तशीच ठेवतात.

घर सोडण्याबद्दल लिही, असं सरांनी म्हटलं होतं, पण घर म्हणजे काय? मी बरेच दिवस विचार करतोय. आमचं घर पत्र्याचं आहे, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मला वाटतं, जिथे कोणी घास घेण्याआधी उभं राहून तुला शोधतं ते घर. मग तू ये की न ये. या अर्थाने माझं एक घर बांधावर आहे, उन्हात, जिथे झाड होतं तिथे. आणि एक लहानसं, नवं, मेसच्या टेबलावर होतंय. चुकत असेन तर सांभाळून घ्या.

एवढं लिहून कालच मी हे सरांना देणार होतो. तेवढ्यात मायचा फोन आला.

"न्यारी व्हयनी का?"

"व्हयनी."

"कोणासंगे?"

"तन्मयसंगे. चौघं होतो."

मागे वारा ऐकू येत होता, म्हणजे ती शेतातूनच बोलत होती. मग लांबून कोणीतरी खाकरलं. ते आबा नव्हते.

"आईक," माय म्हणाली. "आज नाना बांध वलांडीसन उना. आपली भाकर. तुकडा मोडा त्यानी."